पत्ता मागितला, मिळाले २२: एममॅपच्या विचित्र उत्तराचा माग कसा काढायचा

सेगफॉल्ट ॲट १६, एरर ४. कर्नल लॉगमधली ही ओळ घेऊन आमच्या टीममधला सगळ्यात नवा मुलगा माझ्याकडे आला, तोवर त्याचा दीड दिवस तिच्यात गेला होता. "ताई, पॉइंटर नल नाहीये, मॅप फेल्डही नाहीये, आणि तरी पहिलाच बाइट वाचताना उडतंय."

सेगफॉल्ट म्हणजे आपल्या नसलेल्या पत्त्याला हात लावल्यामुळे प्रोग्रामचं पडणं. एममॅप म्हणजे मेमरी, फाइल किंवा डिव्हाइस आपल्या पत्त्यांवर मांडून द्या असं कर्नलला सांगणारा सिस्टम कॉल, आणि तो फसल्याची खूण म्हणजे मॅप फेल्ड. त्याचा तर्क तसा चुकीचा नव्हता. त्या ओळीतला पत्ता हेक्समध्ये असतो, आणि हेक्समधले १६ म्हणजे आपले २२. मग कुठल्या तरी स्ट्रक्चरचा पॉइंटर नल असणार, आणि त्यातलं २२व्या बाइटवरचं फील्ड वाचायला गेलं की प्रोग्राम पडणार. एरवी असंच असतं. म्हणून हा दीड दिवस एकेक स्ट्रक्चर उघडून २२ ऑफसेटला काय आहे ते बघत बसला. एकामध्ये तिथे खरंच एक फील्ड निघालं, आणि मग तर तो त्यातच रुतला.

मी त्याला एकच विचारलं, "२२ हा आकडा तू आणखी कुठे पाहिलायस?"

ईइन्व्हॅल. आर्ग्युमेंट चुकलंय असं सांगणारा एरर नंबर. एममॅपने पत्ता म्हणून एरर नंबरच हातात ठेवला होता, तोही वजा चिन्हाशिवाय. तो तिथे कसा पोचला ते पुढे सांगते. पण त्या दिवशी आम्ही ज्या क्रमाने गेलो त्याच क्रमाने मी अजूनही जाते, म्हणून तो क्रम लिहून ठेवतेय. सगळं लिनक्सबद्दल आहे, आणि आकडे बहुतेक ६४ बिट एक्स८६चे. फंक्शनची नावं आम्ही बोलताना उच्चारतो तशी लिहिली आहेत. अंडरस्कोर कुठे ते सोर्समध्ये दिसेलच.

आधी उत्तराचा चेहरा बघा

प्रोग्रामने छापलेल्या मेसेजवर विश्वास ठेवू नका. एममॅप फसला की प्रोग्राम लॉगची एक ओळ छापतो, त्या छापण्यातच आणखी दोन सिस्टम कॉल होतात, आणि मग कुणीतरी एररनो, म्हणजे शेवटचा एरर नंबर ठेवणारं व्हेरिएबल, वाचतं. तोवर त्यात भलतंच काही असू शकतं. म्हणून पहिलं पाऊल एसट्रेस, म्हणजे प्रोग्रामचा प्रत्येक सिस्टम कॉल आणि त्याचं उत्तर दाखवणारं टूल. त्यात मेमरीच्या कॉल्सचा एक आख्खा वर्गच आहे, 'टक्का मेमरी' असा फिल्टर लावला की एममॅप, एमअनमॅप, एमप्रोटेक्ट, बीआरके सगळे एकत्र दिसतात. के हा पर्याय जोडला तर प्रत्येक कॉल कुठल्या फंक्शनमधून आला तो स्टॅकही मिळतो, एसट्रेस तशा सोयीनिशी बिल्ड केलेला असेल तर.

आता हे उत्तर तीन हातांतून तुमच्याकडे येतं: कर्नल, सी लायब्ररी आणि तुमचा स्वतःचा रॅपर, म्हणजे कॉलभोवती गुंडाळलेलं फंक्शन. कर्नल एकच आकडा परत करतं. तो वजा ४०९५ ते वजा १ यांच्यामध्ये असेल तर एरर, नाहीतर पत्ता. सी लायब्ररी तो एरर उचलून एररनोमध्ये टाकते आणि तुम्हाला वजा १ देते. त्यालाच मॅप फेल्ड म्हणतात. तो नल नसतो. 'पॉइंटर नल आहे का' एवढीच तपासणी करणारा कोड मी इतक्या वेळा पाहिलाय की आता एममॅप दिसला की माझी नजर आपोआप पुढच्या ओळीवर जाते.

डीबगरमध्ये पॉइंटर उघडलात की त्याच्या चेहऱ्यावरून बरंच कळतं. सोळाच्या सोळा एफ असतील तर तो मॅप फेल्ड आहे आणि कुणी तपासला नाही. पंधरा एफ आणि शेवटी ४ असेल तर तो वजा १२, म्हणजे ईनोमेम, 'मेमरी देता येत नाही' असा एरर. सी लायब्ररीला वळसा घालून कुणीतरी थेट सिस्टम कॉल केलाय. चौदा एफ आणि शेवटी ईए म्हणजे वजा २२. वरचा अर्धा भाग सगळा एफ किंवा सगळा शून्य, आणि खालचा अर्धा भाग अगदी शहाण्यासारखा दिसत असेल, तर पत्ता कुठेतरी ३२ बिटांच्या इंटमधून गेलाय. म्हणजे ७एफ३ए९सी२डी५००० हा पत्ता कर्नलने नीट दिला, पण हेडर फाइल जोडायची राहिली, जुन्या पद्धतीच्या कंपायलरने फंक्शन इंट परत करतं असं धरलं, आणि तुमच्या हातात आठ एफ आणि पुढे ९सी२डी५००० आलं. यात कर्नलचा काही दोष नाही. एसट्रेसमधला पत्ता आणि डीबगरमधला पत्ता शेजारी ठेवले की दोन मिनिटांत उलगडतं.

आणि लहानसा धन आकडा असेल, १, २२, ५१२ असा काही, तर बहुतेक वेळा ड्रायव्हरकडे बघायचं. आमच्या एसट्रेसमध्ये एममॅपच्या ओळीच्या शेवटी हेक्स १६ लिहिलेलं होतं. एसट्रेसच्या दृष्टीने कॉल यशस्वी, सी लायब्ररीच्या दृष्टीनेही यशस्वी.

हे ४०९५ कुठून आलं? पान ४०९६ बाइटचं, आणि मॅपिंगचा पत्ता नेहमी पानाच्या सुरुवातीचा, म्हणजे त्याचे खालचे १२ बिट शून्य. वजा १ ते वजा ४०९५ यांतला एकही आकडा असा नाही की ज्याचे खालचे १२ बिट शून्य आहेत. वजा ४०९६ मात्र तसा आहे. त्यामुळे पत्ता आणि एरर एकाच रजिस्टरमध्ये न भांडता राहू शकतात. जुन्या कर्नल सोर्समध्ये पत्त्याचे खालचे १२ बिट शून्य नसतील तर तो एरर, अशी थेट तपासणी दिसते, आता त्याच कामाला इझ एरर व्हॅल्यू हा मॅक्रो आहे. पण गोम अशी की हा मॅक्रो फक्त वजा बाजू बघतो. २२ त्याच्या नजरेतून सरळ सुटतो.

कॉल यशस्वी, पण पत्ता भलताच

ही तक्रार माझ्याकडे सगळ्यात जास्त येते, आणि बहुतेक वेळा कर्नलने नियमानेच काम केलेलं असतं. तुम्ही दिलेला पत्ता ही फक्त विनंती असते. 'अगदी याच पत्त्यावर' असं सांगणारा मॅप फिक्स्ड हा फ्लॅग दिला नाही तर कर्नल तो मानेल किंवा दुसरीकडे जागा देईल, आणि दुसरीकडे दिली तरी उत्तर यशस्वीच. मॅप फिक्स्ड दिलं तर त्या जागी आधी जे होतं ते न विचारता पुसून टाकतं. एकदा आमच्या एका टूलने असंच सी लायब्ररीच्या मॅपिंगवर बस्तान बसवलं होतं, आणि क्रॅश व्हायचा तो भलत्याच फंक्शनमध्ये. कर्नल ४.१७ पासून मॅप फिक्स्ड नोरिप्लेस आहे, तो जागा व्यापलेली असेल तर ईएक्झिस्ट देतो. पण त्याआधीच्या कर्नलला हा फ्लॅग माहीतच नाही. ते त्याकडे दुर्लक्ष करून तुमचा पत्ता साधी विनंती समजतात. म्हणून परत आलेला पत्ता मागितलेल्या पत्त्याशी ताडून बघायचाच.

दर वेळी पत्ता वेगळा येत असेल तर ती यादृच्छिकता मुद्दाम ठेवलेली आहे. सेटआर्चला आर पर्याय देऊन प्रोग्राम चालवा, पत्ते स्थिर होतील आणि दोन रनची तुलना करता येईल. कर्नल बदलल्यावर पत्त्यांमधलं अंतर बदललं अशीही एक तक्रार असते. ६.७ मध्ये मोठ्या अनामिक मॅपिंगना २ एमबीच्या सीमेवर बसवायला सुरुवात झाली, म्हणजे मोठी पानं सहज वापरता यावीत. त्यामुळे लागोपाठ मागितलेले तुकडे एकमेकांना चिकटून येतील असं गृहीत धरणारा कोड उघडा पडला. पुढे हे फक्त २ एमबीच्या पटीतल्या लांबीपुरतं मर्यादित केलं गेलं. शेजारचा तुकडा शेजारीच मिळेल असं कुणी कधी वचन दिलं नव्हतं, हे मात्र खरं.

फाइल मॅप करताना लांबी फाइलपेक्षा मोठी दिली तरी एममॅप हसतमुखाने पत्ता देतो. फाइलच्या शेवटच्या पानापलीकडे हात लावला की मग सिगबस, म्हणजे प्रोग्राम पाडणारा सिग्नल. तिथे परत आलेल्या पत्त्यात काही शोधू नका, फाइल मधल्या काळात कुणी कापून लहान केली का ते बघा.

ईनोमेम म्हणजे मेमरी संपली, असं नाही

हा एरर वाचून लोक रॅम मोजायला लागतात. मी आधी प्रॉकमधल्या (कर्नल आपली माहिती फाइलच्या रूपात दाखवतं त्या डिरेक्टरीतल्या) त्या प्रोसेसच्या मॅप्स फाइलच्या ओळी मोजते. एका प्रोसेसला किती मॅपिंग ठेवता येतात याला मर्यादा आहे, मॅक्स मॅप काउंट, आणि कर्नलमधली तिची मूळ किंमत ६५५३०. ओळी या आकड्याच्या आसपास असतील तर कारण सापडलं. प्रत्येक थ्रेडच्या स्टॅकला संरक्षक पान, त्यात मधल्याच पानांवर एमप्रोटेक्ट, असं करत एका मॅपिंगचे तीन तुकडे होतात आणि आकडा भराभर वाढतो. गंमत म्हणजे या मर्यादेमुळे मेमरी परत करणंही फसू शकतं: मधलाच तुकडा सोडायचा तर एकाचे दोन होतात, आणि दुसऱ्याला जागा नसते. एमअनमॅप ईनोमेम देतोय हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं माझ्या डोळ्यांनाच काहीतरी झालंय.

ओळी कमी असतील तर यूलिमिट बघा, ॲड्रेस स्पेसची मर्यादा आणि डेटाची मर्यादा. ४.७ पासून डेटाच्या मर्यादेत खासगी, लिहिता येणारी मॅपिंगही धरली जातात, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. मग ओव्हरकमिट, म्हणजे आहे त्यापेक्षा जास्त मेमरी कबूल करायची की नाही ही सेटिंग. त्याची किंमत २ असेल तर प्रॉकमधल्याच मेमइन्फो फाइलमधल्या कमिट लिमिट आणि कमिटेड एएस या दोन ओळी शेजारी ठेवा. रॅम मोकळी असूनही दुसरी पहिलीला भिडलेली असेल.

आणि एक फसवा प्रकार. फाइलची लांबी विचारणारा कॉल फसला, त्याने वजा १ दिलं, कुणी तपासलं नाही, आणि तेच लांबी म्हणून एममॅपला गेलं. कर्नल लांबी पुढच्या पानापर्यंत वाढवतं. तेवढा प्रचंड आकडा वाढवला की फिरून शून्य होतो, आणि उत्तर येतं ईनोमेम. लांबी मुळातच शून्य दिली असती तर ईइन्व्हॅल आलं असतं. म्हणून एसट्रेसमध्ये उत्तराआधी आर्ग्युमेंट वाचायची. लांबीच्या जागी १८४४ ने सुरू होणारा वीस अंकी आकडा दिसला की पुढे काही शोधायला नको.

ईइन्व्हॅलचं सगळ्यात साधं कारण ऑफसेट पानाच्या पटीत नसणं. ४०९६ ऑफसेट देणारा कोड ६४ केबी पानांच्या आर्म मशीनवर नेला की पडतो. पानाचा आकार सिस्टमला विचारावा, कोडमध्ये लिहू नये. ईॲक्सेस बघितलं की फाइल कशी उघडली होती ते बघा: फक्त लिहिण्यासाठी उघडलेली फाइल मॅप होत नाही, खासगी मॅपिंग मागितलं तरी नाही. एक्झिक्यूट मागून ईपर्म आला तर ती फाइल नोएक्झेक, म्हणजे तिथून प्रोग्राम चालवायला मनाई असलेल्या, माउंटवर आहे का ते बघा. ईनोडेव्ह म्हणजे त्या फाइलला किंवा डिव्हाइसला मॅप करण्याची सोयच नाही.

एरर कुठे जन्मला

वरच्या कारणांत बसलं नाही की अंदाज थांबवायचे आणि कर्नलमध्ये उतरायचं. रस्ता लांब नाही. सिस्टम कॉलच्या एक्स८६च्या दारात ऑफसेट तपासला जातो. तिथून केसिस एममॅप पीजीऑफ, तिथे फाइल डिस्क्रिप्टर बघतात. मग व्हीएम एममॅप पीजीऑफ, तिथे सुरक्षा मॉड्यूलला विचारतात. मग डू एममॅप. परवानग्या, फ्लॅग आणि मर्यादा यांची बहुतेक सगळी तपासणी इथे. तो गेट अनमॅप्ड एरियाकडून जागा मागतो आणि एममॅप रीजनला काम देतो. फाइल किंवा डिव्हाइस असेल तर एममॅप रीजन शेवटी ड्रायव्हरचं स्वतःचं एममॅप फंक्शन बोलावतो.

या साखळीत तोच आकडा खालून वर हातोहात येतो. प्रश्न एवढाच असतो की सगळ्यात खालच्या कुठल्या फंक्शनने तो पहिल्यांदा उच्चारला. ६.५ किंवा त्यापुढचं कर्नल असेल तर नशीबवान आहात. एफट्रेस या कर्नलमधल्या ट्रेसरच्या फंक्शन ग्राफमध्ये तेव्हापासून फंकग्राफ रेटव्हॅल हा पर्याय आहे, फक्त कर्नल त्या कॉन्फिगनिशी बिल्ड झालेलं हवं. सेट ग्राफ फंक्शनमध्ये डू एममॅप लिहा, सेट एफट्रेस पीआयडीमध्ये आपल्या प्रोसेसचा नंबर, ट्रेस सुरू करा आणि प्रोग्राम चालवा. प्रत्येक फंक्शनच्या बंद होणाऱ्या कंसापुढे त्याने काय परत केलं ते छापून येतं. एररसारखे आकडे वजा चिन्हासह दशमानात, बाकीचे हेक्समध्ये. मग वजा २२ शोधायचं आणि सगळ्यात आतल्या कंसापर्यंत जायचं. एक लक्षात ठेवा, काहीच परत न करणाऱ्या फंक्शनपुढेही आकडा छापला जातो, कारण ट्रेसर नुसतं रजिस्टर वाचतो. त्या कचऱ्यामागे धावू नका.

आमच्या मशीनवर ५.१० होतं, तिथे ही चैन नाही. मग केरेटप्रोब, म्हणजे कर्नलचं फंक्शन परतताना त्याचं उत्तर टिपणारा सापळा. केप्रोब इव्हेंट्स फाइलमध्ये एका ओळीने रिटर्न प्रोब लावायचा: आर, मग नाव, मग फंक्शन, मग रेटव्हॅल आणि त्याला एस६४ हा टाइप. टाइप लावला नाही तर वजा २२ च्या ऐवजी एफची माळ वाचत बसावं लागतं. मी एकाच वेळी चार प्रोब लावते: व्हीएम एममॅप पीजीऑफ, डू एममॅप, एममॅप रीजन आणि ड्रायव्हरचं फंक्शन. डू एममॅपचा प्रोब वाजलाच नाही, तर भांडण त्याच्या आधीच झालंय: ऑफसेट, डिस्क्रिप्टर किंवा सुरक्षा मॉड्यूल. एममॅप रीजन वाजला नाही, तर डू एममॅपच्या तपासणीत किंवा जागा शोधताना. जागा शोधण्याचं उत्तर हवं असेल तर व्हीएम अनमॅप्ड एरिया नावाचा तयार ट्रेसपॉइंट आहे, तो लांबी, खालची सीमा, वरची सीमा आणि मिळालेला पत्ता किंवा एरर असं सगळं एका ओळीत छापतो.

कंपायलरने इनलाइन केलेल्या, म्हणजे बोलावणाऱ्याच्याच कोडमध्ये मिसळून टाकलेल्या, फंक्शनवर प्रोब बसत नाही. ड्रायव्हरला हाक मारणारं कॉल एममॅप हे तसलंच आहे, त्याला शोधत बसू नका. थेट ड्रायव्हरच्या फंक्शनवर प्रोब लावा.

व्हर्च्युअल मशीनमध्ये पुन्हा घडवता येत असेल तर मी क्यूईएमयूला (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्रामला) एस पर्याय देते, कर्नलला नोकेएएसएलआर, म्हणजे त्याचे पत्ते स्थिर राहतात, आणि १२३४ पोर्टवर जीडीबी हा डीबगर जोडते. ब्रेकपॉइंटला लांबीची अट घाला. अट नसेल तर प्रत्येक प्रोसेसच्या प्रत्येक एममॅपला थांबाल, आणि साधा एलएस चालवला तरी ते डझनावारी होतात. थांबल्यावर फिनिश म्हटलं की परत आलेली किंमत समोर.

प्रिंटके, म्हणजे कर्नलमधून लॉगमध्ये छापणारं फंक्शन, लावून बघणाऱ्यांसाठी एक इशारा. ४.१५ पासून टक्का पी ने छापलेला पत्ता खरा नसतो, त्याचा हॅश असतो. मी एकदा अर्धा दिवस दोन पत्ते का जुळत नाहीत म्हणून डोकं आपटलंय. डीबग करताना टक्का पीएक्स वापरा, आणि पॅच पाठवण्याआधी काढून टाका. एरर भरलेला पॉइंटर असेल तर टक्का पीई, ५.५ पासून तो आकड्याऐवजी एररचं नावच छापतो.

ड्रायव्हरमधली ती ओळ

तर आमचे चार प्रोब. चारही वाजले, आणि चौघांनीही २२ सांगितलं. सगळ्यात आतलं ड्रायव्हरचं फंक्शन होतं. व्हिडिओ पकडणाऱ्या कार्डाचा ड्रायव्हर, आमच्याच टीमने लिहिलेला, त्यातला एममॅपचा भाग माझा.

त्यात वर आकाराची तपासणी होती: मागितलेलं मॅपिंग बफरपेक्षा मोठं असेल तर रिटर्न ईइन्व्हॅल. वजा लिहायचं राहून गेलं होतं. कंपायलरला २२ आणि वजा २२ दोन्ही सारखेच इंट, तो कशाला बोलेल? एममॅप रीजनला ड्रायव्हरकडून शून्य हवं असतं. शून्य नसेल ते सगळं त्याच्या लेखी अपयश. तो मॅपिंग मोडतो आणि तोच आकडा तसाच वर पाठवतो. वरच्यांना मात्र धन आकडा पत्ता वाटतो. म्हणून प्रोसेसच्या मॅप्स फाइलमध्ये त्या जागी काहीच नव्हतं आणि प्रोग्रामकडे मात्र 'यशस्वी' पत्ता होता.

वजा घातलं. आता प्रोग्राम नीट सांगू लागला की ईइन्व्हॅल. पण मूळ तक्रार तशीच राहिली, की ७२० वाला मोड चालतो आणि १०८० वाला चालत नाही. इथे मुलाने कॅल्क्युलेटर उघडला आणि मला त्याचं कौतुक वाटलं. प्रत्येक पिक्सेलला २ बाइट. १२८० गुणिले ७२० गुणिले २ म्हणजे १८,४३,२०० बाइट. भागिले ४०९६, बरोबर ४५० पानं. १९२० गुणिले १०८० गुणिले २ म्हणजे ४१,४७,२००. भागिले ४०९६, एक हजार वर साडेबारा. म्हणजे १०१२ पानं आणि वर अर्धं.

कर्नल अर्धं पान देत नाही. ड्रायव्हरकडे पोचेपर्यंत लांबी १०१३ पानांची, ४१,४९,२४८ बाइटची झालेली असते. मी ती तुलना करत होते ४१,४७,२०० शी. २०४८ बाइट जास्त, म्हणून नकार. ७२० मध्ये भागाकार नि:शेष जातो म्हणून तो मोड इतके महिने माझी चूक झाकून बसला होता.

दुरुस्ती म्हणजे बफरचा आकार पेज अलाइन करून, म्हणजे पुढच्या पूर्ण पानापर्यंत वाढवून, मग तुलना. पण ते करण्याआधी बफर कुठून घेतलाय ते बघावं लागलं. आमचा डीएमए अलोक कोहेरंटने, म्हणजे डिव्हाइसला थेट वापरता येणारी मेमरी देणाऱ्या फंक्शनने, घेतलेला होता, तो पूर्ण पानांचा आणि शून्य भरून येतो, त्यामुळे शेवटचं अर्धं पान युजरला दिसलं तरी बिघडत नाही. कर्नलच्या साध्या केमॅलॉकने घेतलेला असता तर त्या अर्ध्या पानात कर्नलमधल्या दुसऱ्या कुणाचा डेटा असू शकला असता आणि आम्ही तो खिडकीत मांडून ठेवला असता.

ड्रायव्हरमध्ये आणखी दोन जागी मी आता मुद्दाम बघते. एक, व्हीएम पीजीऑफ, म्हणजे मॅपिंगचा ऑफसेट, पानांमध्ये असतं, बाइटमध्ये नाही. ते बाइट समजून तपासलं की सीमातपासणी ४०९६ पट ढिली होते. दोन, मेमरीची पानं युजरच्या पत्त्यांना जोडून देणारं रीमॅप पीएफएन रेंज फसलं की त्याचा स्वतःचा एरर टाकून देऊन ईअगेन परत करणारे जुने ड्रायव्हर. एकाने दुसऱ्याचं बघून लिहिलेला तो कोड आहे. युजरला वाटतं पुन्हा प्रयत्न केला की होईल, आणि तो लूपमध्ये प्रयत्न करत राहतो. रीमॅप पीएफएन रेंजने दिलेला एरर जसाच्या तसा वर पाठवा. आणि 'काहीतरी बिघडलं' म्हणून नुसतं वजा १ परत करू नका, वजा १ म्हणजे ईपर्म. समोरचा बिचारा परवानग्या तपासत बसेल.

कर्नलच्या आतली मॅपिंग

ड्रायव्हर स्वतः हार्डवेअरची मेमरी मॅप करतो तिथे उत्तराची पद्धतच एक नाही. आयओरीमॅप, डेव्हएम आयओरीमॅप आणि व्हीमॅप फसले की नल देतात. डेव्हएम आयओरीमॅप रिसोर्स आणि डेव्हएम प्लॅटफॉर्म आयओरीमॅप रिसोर्स फसले की एरर भरलेला पॉइंटर देतात, तिथे इझ एररने तपासायचं. अदलाबदल केली तर दोन्हीकडे तपासणी शांतपणे पास होते आणि पहिल्या रजिस्टर वाचनाला कर्नल पडतं. डीएमए मॅप सिंगलची तर तिसरीच तऱ्हा, त्याला डीएमए मॅपिंग एरर हेच विचारावं लागतं, कारण शून्य हा वैध डीएमए पत्ता असू शकतो.

आयओरीमॅपने पानाच्या सीमेवर नसलेला पत्ता दिला तर घाबरू नका. भौतिक पत्ता जितका आत होता तितकाच हाही आत असतो. नल दिलं आणि लॉगमध्ये 'आयओरीमॅप ऑन रॅम' असं दिसलं, तर तुम्ही डिव्हाइसच्या जागी साधी रॅम मॅप करायला निघालाय, पत्ता कुठून घेतला ते तपासा.

त्या दिवशी संध्याकाळी पॅच तयार झाला, बदललेल्या ओळी दोन. पाठवण्याआधी जुन्या फाइलवर चेकपॅच, म्हणजे कर्नलचं कोड तपासणारं स्क्रिप्ट, चालवून बघितलं. त्याने लगेच सांगितलं, एररनो परत करताना तो सहसा ऋण असावा. तीच ओळ, तोच नंबर. मी तो भाग लिहिला तेव्हा चेकपॅच चालवलंच नव्हतं. मुलगा माझ्याकडे बघत होता, बोलला काही नाही.

पॅचसोबत त्याने एक छोटी टेस्ट जोडली. ती प्रत्येक मोडचा बफर मॅप करून शेवटचा बाइट वाचते, मग मुद्दाम एक पान जास्त मागते, आणि उत्तर मॅप फेल्ड आणि एररनो २२ असं दोन्ही आहे ना ते बघते. परत आलेला आकडा पानाच्या पटीत आहे का, ही तपासणी मी त्यात नंतर घातली.